लिनक्स टाकून झाले, आता अपडेट कोण करणार?

गेल्या महिन्यात आपल्या मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासद बाईंचा फोन आला. बँकेची साइट उघडली की "तुमचा ब्राउझर जुना आहे" असा मजकूर येतो आणि पुढे काही होत नाही, अशी त्यांची तक्रार. बाई निवृत्त शिक्षिका आहेत. पेन्शन, मुदत ठेवी, वीजबिल सगळे त्याच संगणकावरून पाहतात. त्यांच्या घरी गेलो. संगणक आठ-नऊ वर्षांचा, पण ठणठणीत. पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्याने २०२२ मध्ये त्यावर लिनक्स मिंट टाकून दिले होते. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी ढाल आणि तिच्यावर ठिपका. ढालीवर क्लिक केले तर चारशेच्या वर अपडेट्स वाट पाहत बसलेले.

"हे कधी केलंच नाही का?" मी विचारले.

"नाही हो. भाच्यानं सांगितलंय, मावशी, यात व्हायरस येत नाही. फक्त तू कशाला हात लावू नकोस."

भाच्याचे पहिले वाक्य अर्धे खरे आहे आणि दुसरे पूर्ण चुकीचे. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत हीच परिस्थिती आहे, म्हणून हा लेख. मी संगणकाचा माणूस नाही, बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो तो निवृत्त होईपर्यंत. पण निवृत्तीनंतर लिनक्स वापरता वापरता चुका करून जे शिकलो ते सांगतो.

लिनक्स आपल्या घरांत शिरले त्याला एक व्यावहारिक कारण आहे. विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. चालते-बोलते यंत्र भंगारात काढायचे कोणाच्या जिवावर येते? मग मुलगा, भाचा, जावई सुट्टीत येतो आणि उबंटू किंवा मिंट टाकून देतो. यंत्र पुन्हा पळू लागते, पैसा लागत नाही. मुलगा बंगळुरूला परत जातो. त्यानंतर त्या यंत्राकडे पाहणारा घरात कोणी नसतो.

आता "व्हायरस येत नाही" याचा अर्थ पाहू. विंडोजवर आपण कुठल्याही साइटवरून प्रोग्रॅम उतरवून घेतो. लिनक्समध्ये बहुतेक सर्व सॉफ्टवेअर एकाच भांडारातून येते. त्याला रिपॉझिटरी म्हणतात. त्या भांडाराच्या यादीवर डिजिटल सही असते आणि त्या सहीचा नमुना आपल्या संगणकात आधीच ठेवलेला असतो. चेक आला की आम्ही नमुना सहीच्या कार्डाशी ताडून पाहायचो, तसे संगणक दर वेळी ताडून पाहतो. सही जुळली नाही तर माल घेत नाही. म्हणून भलताच प्रोग्रॅम घुसण्याची शक्यता कमी. पण घरात शिरायला चोराला नेहमी दारच लागते असे नाही. ब्राउझरमध्ये, फोटो उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कर्नलमध्ये चुका सापडत राहतात. ती भोके बुजवणे हेच अपडेटचे पहिले काम.

बँकेतल्या जुन्या मंडळींना करेक्शन स्लिपा आठवत असतील. हेड ऑफिसकडून सूचना-पुस्तकात बदल करणाऱ्या चिठ्ठ्या येत आणि त्या ज्या त्या पानावर चिकटवाव्या लागत. कंटाळवाणे काम. शाखेत गठ्ठा तसाच पडून राही आणि इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी सगळा स्टाफ डिंकाची बाटली घेऊन बसे. चिठ्ठी आली पण चिकटवली नाही, तर शाखा जुन्याच नियमाने व्यवहार करत राही. ढालीवरचा ठिपका म्हणजे असा न चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत या गठ्ठ्याला एक जास्तीचा धोका असतो. लिनक्स कोणा एका कंपनीच्या तिजोरीत बंद नाही. लिनस टोरवाल्ड्सने फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना १९९१ मध्ये त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहायला घेतला. पुढे त्यावर १९९३ मध्ये डेबियन, डेबियनवर २००४ मध्ये उबंटू आणि उबंटूवर २००६ मध्ये मिंट उभे राहिले. या सगळ्याचा मूळ कोड कोणालाही वाचता येतो. त्यामुळे चूक लवकर सापडते, दुरुस्तीही लवकर होते. पण दुरुस्ती उघडपणे होते. कुठली ओळ बदलली हे सज्जनही वाचतो आणि चोरही. म्हणजे दुरुस्ती जाहीर झाली त्या दिवसापासून, ती न लावलेल्या यंत्राचे भोक कुठे आहे हे जगजाहीर झालेले असते. लिनक्स आहे म्हणून अपडेट नको, हा समज म्हणूनच उलटा आहे.

याचे उदाहरण माझ्याच क्षेत्रातले आहे. कर्ज देताना ज्या क्रेडिट ब्युरोंचे अहवाल पाहतात त्यांपैकी एक इक्विफॅक्स. अमेरिकेत त्यांच्या एका साइटमागे अपाचे स्ट्रट्स हे मुक्त सॉफ्टवेअर होते. त्यातल्या एका गंभीर चुकीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये जाहीर झाली, मोफत, कोणालाही मिळेल अशी. कंपनीने ती त्या ठिकाणी लावली नाही. मेच्या मध्यापासून चोर त्याच भोकातून आत शिरले आणि जुलैअखेरपर्यंत आत राहिले. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. दुरुस्ती दोन महिने आधी हातात होती. एवढ्या मोठ्या कंपनीचे असे होते, तर आपल्या मावशींचे चारशे अपडेट्स साचले यात नवल नाही. पण मावशींच्या ठेवी आपल्याला स्वतःच सांभाळायच्या आहेत.

आता प्रत्यक्ष काम. मी मिंटबद्दल सांगतो, कारण आपल्याकडे तेच जास्त आहे. उबंटूमध्ये "सॉफ्टवेअर अपडेटर" नावाचा प्रोग्रॅम हेच काम करतो, आणि तिथे सुरक्षेची अपडेट्स मुळातच आपोआप लागण्याची सोय चालू असते. मिंटमध्ये ती आपण चालू केली तरच होते. ढाल उघडून प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशनच्या पानावर ती सोय मिळते. ज्यांच्या घरी पाहणारे कोणी नाही त्यांनी ती बेलाशक चालू करावी. मी स्वतः ती बंद ठेवून दर शनिवारी सकाळी चहा झाल्यावर हाताने करतो. सवय जुनी आहे, डे-बुक स्वतः टॅली केल्याशिवाय चैन पडत नाही.

ढाल उघडली की आधी "रिफ्रेश" दाबायचे. याने काहीही बसत नाही, फक्त भांडारातली ताजी यादी येते. टर्मिनल वापरणारे यालाच "एपीटी अपडेट" म्हणतात आणि नावामुळे फसतात. त्यांना वाटते अपडेट झाले. प्रत्यक्षात ते पासबुक भरून आणण्यासारखे आहे, पैसे अजून काढलेले नाहीत. माल खरोखर बसतो तो "इन्स्टॉल अपडेट्स" या बटणाने, टर्मिनलमध्ये "एपीटी अपग्रेड" ने. मग पासवर्ड विचारला जातो. टाइप करताना टर्मिनलमध्ये ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, तसेच टाइप करून एंटर करायचे. पहिल्यांदा, साचलेला गठ्ठा असेल तर, अर्धा-पाऊण तास लागू शकतो. पुढे दर आठवड्याला पाच-दहा मिनिटांचे काम.

मध्येच कधी एक प्रश्न येतो की अमुक सेटिंगची फाइल बदलू की जुनी ठेवू? घाबरून यंत्र बंद करू नका. कळत नसेल तर जुनी ठेवा. यंत्रही मुळात तेच सुचवत असते.

कर्नलचे अपडेट बसले की संगणक रीस्टार्ट केल्याशिवाय ते लागू होत नाही. आपल्याकडे बरेच जण लॅपटॉपचे झाकण नुसते मिटतात, त्यामुळे महिनोन्महिने जुनाच कर्नल चालत राहतो. मिटणे म्हणजे रीस्टार्ट नव्हे. दुसरे म्हणजे, नव्या कर्नलने कधी वायफाय किंवा पडदा बिघडला तर जुना कर्नल यंत्रात शिल्लक असतो. चालू करताना शिफ्ट, काही यंत्रांत एस्केप, दाबले की एक यादी येते. तिच्यात "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स"मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडायचा. हे माहीत नसल्यामुळे चांगली यंत्रे दुरुस्तीच्या दुकानात गेलेली मी पाहिली आहेत. मात्र जुने कर्नल फार साठले तर डिस्कची जागा खातात. एक-दोन ठेवून बाकीचे काढण्याची सोय अपडेट मॅनेजरमध्येच आहे.

माझा स्वतःचा फजितीचा प्रसंग पावसाळ्यातला. डेस्कटॉपवर अपडेट निम्मे झाले आणि लाइट गेले. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती, आज-उद्या बदलू म्हणत राहिलो होतो. लाइट आल्यावर यंत्र सुरू झाले, पण कुठलेच अपडेट बसेना. दर वेळी इंग्रजीत एक लांबलचक तक्रार. दोन दिवस मी ती वाचलीच नाही, नुसता पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिलो. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून वाचली. त्यात स्वच्छ लिहिले होते की डीपीकेजी या प्रोग्रॅमचे काम अर्धवट राहिले आहे, ते पुरे करायला अमुक ओळ टाइप करा. ओळ तिथेच छापलेली होती. टर्मिनल उघडून तशीच्या तशी टाइप केली, चार मिनिटांत काम झाले. त्या दिवशी यूपीएसची बॅटरी बदलली. लॅपटॉपवाल्यांनी चार्जर लावूनच अपडेट करावे.

याहून मोठी विमा-पॉलिसी म्हणजे टाइमशिफ्ट. मिंटमध्ये ते आधीपासून असते, फक्त चालू करावे लागते. ते सिस्टिमचा एक फोटो काढून ठेवते, त्याला स्नॅपशॉट म्हणतात. अपडेटनंतर काही बिनसले तर कालच्या स्थितीवर परत जाता येते. आठवड्याला एक स्नॅपशॉट आणि दोन-तीनच जपून ठेवायचे, नाहीतर डिस्क भरते. पण याबाबत एक गैरसमज सर्रास आहे. टाइमशिफ्ट आपली कागदपत्रे आणि फोटो मुळात धरतच नाही, ते फक्त सिस्टिमसाठी आहे. नातवंडांचे फोटो, फॉर्म १६, मृत्युपत्राचा मसुदा हे सगळे वेगळ्या पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्यावे लागते. ती डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवायची. यंत्रालाच लावून ठेवलेला बॅकअप म्हणजे लॉकरची किल्ली लॉकरवर ठेवणे.

इथपर्यंत झाली दर आठवड्याची गोष्ट. पण मावशींच्या यंत्राचा खरा घोटाळा वेगळा होता. त्यांचे मिंट २०.३ व्हर्जनचे होते आणि त्या मालिकेचा पाठिंबा एप्रिल २०२५ मध्ये संपला होता. म्हणजे चारशे अपडेट्स लावली असती तरी पुढची येणारच नव्हती. करेक्शन स्लिपा यायच्या थांबल्या, आता नवे पुस्तकच हवे.

प्रत्येक व्हर्जनला ठरलेले आयुष्य असते आणि ते आधीच जाहीर केलेले असते, हे आपल्याला कोणी सांगत नाही. उबंटूचा आकडा वाचायला सोपा आहे. २४.०४ म्हणजे २०२४ सालचा चौथा महिना. सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणारी आवृत्ती दीर्घ मुदतीची, एलटीएस म्हणतात ती, तिला पाच वर्षे नेहमीचा पाठिंबा असतो. "उबंटू प्रो"ची नोंदणी केली तर दहा वर्षांपर्यंत, आणि घरगुती वापराला पाच यंत्रांपर्यंत ती मोफत आहे. मधल्या आवृत्त्यांना जेमतेम नऊ महिने. दुकानदार किंवा पुतण्या "लेटेस्ट टाकतो" म्हणाला तर आधी विचारा, एलटीएस आहे का? बचत खात्याचे व्याज आणि पाच वर्षांची ठेव यांतला फरक आपल्या पिढीला समजावून सांगायला नको. मिंटची मुख्य आवृत्ती एलटीएसवरच उभी असते. २१ ची मालिका २०२७ पर्यंत, २२ ची २०२९ पर्यंत. आपले कुठले आहे हे मेनूत "सिस्टिम इन्फर्मेशन" उघडले की पहिल्या काही ओळींत दिसते. ते आजच एका कागदावर लिहून संगणकाच्या बाजूला चिकटवा, मुदत संपण्याच्या वर्षासकट.

नवी आवृत्ती आली त्याच दिवशी धावायचे कारण नाही. उबंटू स्वतःसुद्धा एका एलटीएसवरून पुढच्या एलटीएसवर जायला लगेच सुचवत नाही. पहिली दुरुस्त आवृत्ती, म्हणजे २४.०४.१ सारखी, आल्यावरच निरोप देते. ती साधारण ऑगस्टमध्ये येते. थोडे थांबलेले बरे असते याचा एक मोठा दाखला मार्च २०२४ मधला. एक्सझेड नावाचे फाइल आवळून लहान करणारे एक छोटे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. ते सांभाळणाऱ्या थकलेल्या माणसाला मदत करतो असे म्हणत कोणी एक जण टोपणनावाने दोनेक वर्षे गोड वागून विश्वास कमावत राहिला आणि शेवटी त्याने त्यात चोरदरवाजा घातला. अँड्रेस फ्रॉईंड नावाच्या एका इंजिनिअरला आपल्या यंत्रात लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि २९ मार्चला त्याने सगळे उघडकीला आणले. तोवर तो माल डेबियनच्या चाचणीच्या शाखांमध्ये पोचला होता, पण सामान्य माणसाच्या स्थिर आवृत्तीत नव्हता. बारा पैशांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसून बॅलन्सिंग केलेल्यांना या माणसाबद्दल वेगळाच आदर वाटेल. मला तर वाटला.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग अपडेट न केलेलेच बरे. तसे नाही. सुरक्षेची छोटी अपडेट्स लगेच, पूर्ण नवी आवृत्ती सावकाश पण मुदत संपण्याच्या आत. हे दोन वेगळे हिशेब आहेत, ते एकत्र करू नयेत.

मावशींच्या यंत्राला २०.३ वरून आधी २१, मग २१.३ आणि मग २२ अशा पायऱ्या चढत जाता आले असते. मी तसे केले नाही. त्यांची सगळी कागदपत्रे आणि ब्राउझरमधले बुकमार्क बाहेरच्या डिस्कवर घेतले, दोनदा उघडून पाहिले आणि सरळ मिंट २२ नव्याने टाकले. त्याला २ जीबी मेमरी किमान आणि ४ जीबी बरी, त्यांच्या यंत्रात ८ होती. मराठी कळफलक पुन्हा जोडावा लागला. त्यांना इनस्क्रिप्टची सवय असल्यामुळे कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट वाढवून काम झाले. एचपीचा जुना लेझर प्रिंटर हटून बसला. अशा काही प्रिंटरना वेगळा प्लगइन लागतो आणि नव्या आवृत्तीबरोबर तो पुन्हा उतरवून घ्यावा लागतो. त्यातच एक तास गेला. बँकेची साइट पहिल्या फटक्यात उघडली.

एका गोष्टीबद्दल विशेष सावध करतो. "तुमच्या संगणकाला अर्जंट अपडेट हवे आहे" असा फोन कोणी केला तर ठेवून द्या. ब्राउझरच्या मधोमध "अपडेट नाऊ" असा चौकोन आला तर तोही बंद करा. लिनक्सचे खरे अपडेट त्या कोपऱ्यातल्या ढालीतूनच येते, ते फोन करत नाही, पैसे मागत नाही आणि पडदा शेअर करायला सांगत नाही. तसेच इंटरनेटवर वाचून कुठलेही परके भांडार, पीपीए म्हणतात ते, जोडू नका. ते जोडणे म्हणजे अनोळखी माणसाची सही आपल्या खात्यावर चालू करणे. मावशींच्या यंत्रात असे दोन निघाले, कोणी आणि कशासाठी जोडले हे भाच्यालाही आठवत नव्हते.

भाच्याला मी फोन केला. तो बिचारा खजील झाला. म्हणाला, काका, दरवेळी येतो तेव्हा दोनच दिवस असतात. खरे आहे. त्यामुळे आता असे ठरवले आहे की महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मी आपल्या वाचनालयात बसेन. तिथले दोन संगणक मिंटवरच आहेत, त्यांचे अपडेट सर्वांसमोर करू, म्हणजे पाहून हात बसेल. ज्यांना आपला लॅपटॉप आणायचा असेल त्यांनी आणावा. व्हर्जन बदलायचे असेल तर आधी एक दिवस सांगा, त्याला वेळ लागतो. पासवर्ड मला सांगू नका, तुम्हीच टाइप करायचा आहे, तेव्हा तो आठवून या. बॅकअपसाठी पुरेशी मोठी, मोकळी डिस्क हवी. आणि चार्जर विसरू नका, वाचनालयातले दोनच पॉइंट चालू आहेत, तेव्हा एक्स्टेन्शन बोर्ड मी आणतो.